मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचे तास घरच्या घरी कसे काढायचे

मुलगी-जावई न्यू जर्सीत, आईवडील साताऱ्यात, आणि पहिल्यावहिल्या परदेशवारीचं तिकीट हातात. तिकिटावर लिहिलेलं असतं: मुंबईहून निघणार १० जानेवारीला रात्री १.००, न्यूयॉर्कला पोचणार १० जानेवारीलाच सकाळी ६.१५. वडील म्हणतात, "म्हणजे सव्वापाच तासांत पोचलोच की!" आई म्हणते, "शेजारच्या काकूंना तर दीड दिवस लागला होता." दोघांचंही खोटं नाही. वडिलांनी दोन शहरांची दोन घड्याळं एकच समजून वाचली. काकूंनी उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचे तास सांगितले. विमानात प्रत्यक्ष बसायचे तास या दोन्हींहून वेगळे आहेत, आणि नेमके तेच तिकिटावर बारीक अक्षरांत असतात: इथे १५ तास ४५ मिनिटं.

घरातलं कुणी लांब निघालं की हा हिशेब बहुतेक वेळा माझ्याकडे येतो. तो कागद-पेन्सिलीवर करता येतो आणि एकदा जमला की कुठल्याही दोन विमानतळांना लागू पडतो. इथे मुंबई-न्यूयॉर्क ही जोडी घेतली आहे, कारण मराठी घरांतून या वाटेनं जाणारे फार आहेत आणि या एका वाटेवर सगळ्या अडचणी भेटतात.

आधी विमानतळ नक्की करा, शहर नव्हे

तिकिटावरची तीन अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. मुंबईच्या जुन्या, अंधेरी-सहारच्या विमानतळाची अक्षरं बीओएम. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याची अक्षरं एनएमआय. पुण्याहून किंवा पनवेलहून निघणाऱ्याला हा फरक तासाभराचा पडू शकतो, आणि चुकीच्या दारात उतरलात तर मधल्या वाहतुकीत विमान गाठणं अवघड.

पलीकडेही तेच. न्यूयॉर्क म्हणून तिकीट काढलं तरी ते जेएफकेचं असेल किंवा नेवार्कचं. नेवार्क न्यू जर्सीत आहे. मुलं तिथल्याच एडिसन गावाच्या बाजूला राहत असतील तर नेवार्क पुष्कळ सोयीचं पडतं. मुंबईपासून दोन्हींचं अंतर जवळपास सारखंच, पण उतरल्यावरचा रस्ता बदलतो.

दोऱ्यानं अंतर मोजा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये पट्टी ठेवली तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्कोवरून अटलांटिकात उतरते. वाटतं, हाच जवळचा रस्ता. तो जवळचा नाही. मर्केटर पद्धतीच्या नकाशावरची ही सरळ रेघ प्रत्यक्षात भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणून बसवली की उत्तरेकडचा भाग खूप फुगतो आणि तिथला जवळचा रस्ता लांबचा दिसायला लागतो.

म्हणून शाळेतला पृथ्वीगोल काढा आणि शिवणकामाचा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर न्या आणि दोरा ताणा. ताणला की तो आपोआप वर सरकतो आणि सर्वांत जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. आता तो कशाकशावरून जातोय ते बघा. सौराष्ट्र, सिंध, अफगाणिस्तानची पश्चिम बाजू, मग मॉस्को, हेलसिंकी, नॉर्वेतलं ट्रॉनहाइम, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि तिथून कॅनडात उतरून न्यूयॉर्क. ही सगळी गावं एका ताणलेल्या दोऱ्यावर येतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोरा तीनदा सोडून परत लावला होता. मुलांना तर हे जरूर करून दाखवा. भूगोलाच्या पुस्तकातलं 'बृहद्वृत्त' हेच.

बोटांनी दोन्ही खुणा पकडून दोरा उचला आणि पट्टीवर मोजा. मग त्याच दोऱ्यानं विषुववृत्ताचा घेर मोजा. आमच्याकडच्या छोट्या पृथ्वीगोलावर विषुववृत्त ६४ सेंटिमीटर भरतं आणि मुंबई-न्यूयॉर्क २० सेंटिमीटर. खऱ्या पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर. वीसला चौसष्टनं भागा, चाळीस हजारांनी गुणा: १२,५०० किलोमीटर. सपाट नकाशावरच्या रेघेपेक्षा सतराशे किलोमीटर कमी, म्हणजे जवळपास दोन तासांचं उड्डाण वाचलं.

आकडेमोडीनं पक्कं करा

दोऱ्याचं उत्तर अंदाजासाठी पुरेसं आहे. ज्यांना आकड्यांची आवड आहे त्यांनी पुढची पायरी करून बघावी. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनांत साइन-कोसाइनची बटणं येतात. कोन अंशांत मोजण्याची खूण चालू आहे ना, ते आधी बघा. इथेच सर्वांचं चुकतं.

मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. जेएफके ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. एक रेखांश पूर्वेचा, दुसरा पश्चिमेचा, म्हणून फरकासाठी बेरीज करायची: १४६.६५ अंश.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० गुणिले ०.६५१३, म्हणजे ०.२१३०. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.९४५० गुणिले ०.७५८८ गुणिले उणे ०.८३५३, म्हणजे उणे ०.५९९०. दोन्हींची बेरीज उणे ०.३८६०. हा कोसाइन असलेला कोन आहे ११२.७ अंश. पृथ्वीच्या मध्यातून पाहिलं तर या दोन शहरांत एवढा कोन आहे.

आता गंमत अशी की अंशाला साठनं गुणलं की थेट सागरी मैल मिळतात, कारण सागरी मैल हे माप अक्षांशाच्या एका मिनिटावरूनच आलं. आज ते १,८५२ मीटर असं ठरवून दिलेलं आहे. ११२.७ गुणिले ६० म्हणजे ६,७६२ सागरी मैल, म्हणजेच साधारण १२,५२० किलोमीटर. दोऱ्याचं उत्तर आठवा. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे म्हणून दहा-वीस किलोमीटर इकडे-तिकडे होतात, त्यांनी काही बिघडत नाही.

तुलनेसाठी लक्षात ठेवा: सध्या ज्या सर्वांत लांब विनाथांबा नियमित विमानसेवा आहेत त्यांत सिंगापूर-जेएफके अग्रभागी आहे, सुमारे १५,३५० किलोमीटर.

विमान खरं कुठून जातं

दोऱ्याची वाट ही कमीत कमी अंतराची. विमान तिच्यावरूनच जाईल असं नाही. हवेला कुंपण नसलं तरी देशांच्या हवाई हद्दी असतात आणि त्या बंद होतात. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानची हद्द बंद होती. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना ती पुन्हा बंद केली. अफगाणिस्तानवरून जाणं २०२१ नंतर अनेक कंपन्यांनी टाळलं. २०२२ पासून रशियाची हद्द युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांची विमानं वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात आणि वेगळा वेळ घेऊ शकतात.

यात मुंबईकरांची बाजू थोडी बरी. मुंबईहून सुटलेलं विमान अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला निघू शकतं. दिल्लीच्या विमानाला मात्र पाकिस्तान टाळायला आधी राजस्थान-गुजरातकडे खाली यावं लागतं आणि मग वळावं लागतं. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं ते यामुळेच.

म्हणून तिकीट काढण्याआधी एक काम करा. फ्लाइटरडार२४ सारख्या, विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या उड्डाणाचा क्रमांक टाकून मागच्या आठवड्यातली विमानं बघा: किती वाजता उडालं, किती वाजता टेकलं, कुठून गेलं. सात दिवसांचे आकडे एका कागदावर उतरवले की खरा वेळ डोळ्यांसमोर येतो. माझा तरी जाहिरातीतल्या तासांपेक्षा या सात आकड्यांवर जास्त विश्वास आहे.

अंतरावरून तास

लांब पल्ल्याची मोठी जेट विमानं वर गेल्यावर स्थिर हवेत साधारण ताशी ९०० किलोमीटरनं जातात. साडेबारा हजारांना नऊशेनं भागलं की येतात चौदा तासांना थोडे कमी. मग तिकिटावर पावणेसोळा का?

एक कारण वळसा. समजा वाट १३,००० किलोमीटर झाली. दुसरं, वारा. मधल्या अक्षांशांवर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार हवेचे झोत वाहतात. अमेरिकेला जाताना ते समोरून लागतात, परतताना पाठीशी असतात. समोरच्या वाऱ्यानं सरासरी ५० किलोमीटर खाल्ले तर जमिनीवरचा वेग उरतो ८५०, आणि १३,००० किलोमीटरला लागतात सव्वापंधरा तास. त्यात चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो आणि दोन्हीकडे धावपट्टीपर्यंत रांगत जाणं असतं, त्याचा अर्धा तास धरा. झाले पावणेसोळा.

तिकिटावरचा वेळ असाच असतो: गेटावरून विमान हललं तिथपासून पलीकडच्या गेटाला लागेपर्यंत. हवेतला निव्वळ वेळ त्याहून थोडा कमी. हिवाळ्यात हे झोत जास्त जोरकस असतात, त्यामुळे जाणं आणखी लांबतं आणि येणं आखडतं. वाऱ्याची ताकद किती, याचं एक उदाहरण: फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाचा वारा पाठीशी असताना ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी तिकडे साडेसहा-सात तासांचा हिशेब असतो.

त्यामुळे मुंबई-न्यूयॉर्कला जाताना पंधरा ते सोळा तास, येताना त्याहून एक-दीड तास कमी, असं धरून चाला.

दोन घड्याळं

भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आणि वर्षभर तीच. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. म्हणून आपल्यातला फरक हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ.

नियम एकच: सगळा प्रवास निघाल्या गावच्या घड्याळात मोजा, वेळ अगदी शेवटी बदला. १० जानेवारी, रात्री १.००. त्यात १५ तास ४५ मिनिटं मिळवा: भारतात दुपारचे ४.४५. त्यातून साडेदहा तास वजा करा: सकाळचे ६.१५. तिकिटाशी जुळलं. हेच विमान मे महिन्यात तेवढाच वेळ घेऊन गेलं तर तिथे ७.१५ वाजलेले असतील.

परतीचं बघा. समजा न्यूयॉर्कहून २० जानेवारीला दुपारी १२.३० ला निघालात, प्रवास १४ तास १५ मिनिटांचा. न्यूयॉर्कच्या घड्याळात २१ तारखेचे पहाटे २.४५. त्यात साडेदहा मिळवा: मुंबईत २१ तारखेची दुपार, १.१५.

आता ताळा. नुसत्या तिकिटावर बघितलं तर जायला दिसतात सव्वापाच तास आणि यायला पावणेपंचवीस. बेरीज तीस. खरे तास पावणेसोळा आणि सव्वाचौदा. बेरीज तीसच. एका बाजूला घड्याळानं जे चोरलं तेच दुसऱ्या बाजूला परत दिलं. दोन तिकिटं हातात असतील तर हा ताळा नक्की करा, आकडा चुकला असेल तर लगेच सापडतो. मात्र जाणं ऑक्टोबरात आणि येणं डिसेंबरात असेल तर मधे त्यांची घड्याळं बदललेली असतात आणि ताळा एका तासानं चुकतो.

फोन करायला सोपी युक्ती: आपल्या घड्याळात सकाळची रात्र आणि रात्रीची सकाळ करा, मग हिवाळ्यात दीड तास मिळवा, उन्हाळ्यात अडीच. आपल्याकडे रात्रीचे आठ, तर हिवाळ्यात तिकडे सकाळचे साडेनऊ.

या प्रवासातली रात्रही वेगळीच असते. जानेवारीत रात्री एकला निघून पश्चिमेला जाताना सकाळ मागे मागे पडत राहते. खिडकीबाहेर पावणेसोळा तास अंधारच, आणि न्यूयॉर्कला उतरतानाही उजाडलेलं नसतं. पहिल्यांदा जाणाऱ्या आईवडिलांना हे आधी सांगून ठेवा. मधेच जाग आली आणि बाहेर अजून काळोख दिसला की माणूस गोंधळतो.

तारखेची चूक

हा भाग दोनदा वाचा. १० जानेवारीला रात्री १.०० चं विमान म्हणजे ९ तारखेला रात्री जेवून विमानतळावर हजर व्हायचं. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला बदलतो, आणि मनातही तसंच बसलेलं असतं. रात्री एक म्हणजे आपल्या लेखी 'आज रात्री'. विमानाची तारीख मात्र मध्यरात्री बाराला बदलते. आमच्या ओळखीतलं एक जोडपं असंच दहा तारखेच्या रात्री, हार-तुरे घेऊन आलेल्या भावंडांसह विमानतळावर पोचलं. विमान आदल्या रात्रीच गेलेलं होतं. नवं तिकीट काढावं लागलं ते वेगळंच, पण त्या माउलीचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

कालनिर्णयावर विमानाच्या तारखेला खूण करू नका. घरातून निघायच्या तारखेला करा आणि शेजारी निघायची वेळ लिहा.

मधे थांबा असेल तर

दुबईमार्गे जाताना मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,००० किलोमीटर, म्हणजे १२,९३०. थेट वाटेपेक्षा फक्त चारशे जास्त. लंडनमार्गे ७,२०० आणि ५,५४०, म्हणजे १२,७४०, वळसा त्याहून कमी. याउलट सिंगापूरमार्गे कुणी स्वस्त तिकीट दाखवलं तर हिशेब होतो १९,००० च्या वर. स्वस्त का आहे ते दोऱ्यावरच कळतं.

म्हणजे थांबा योग्य दिशेचा असेल तर अंतरानं फारसं बिघडत नाही, वेळ खातं ते थांबणं. थांब्याचे दीड तास तरुण माणसाला पुरतात. वयस्कर, व्हीलचेअर मागितलेल्या प्रवाशांना मी तीन तासांपेक्षा कमी सुचवत नाही. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. अबुधाबीमार्गे जात असाल तर एक खास गोष्ट: अमेरिकेच्या प्रवेशाची तपासणी तिथेच होते, त्यामुळे थांब्यात जास्त वेळ ठेवा. न्यूयॉर्कला उतरल्यावर मात्र ती रांग नसते. आणि अमेरिकेतच पुढे दुसरं विमान पकडायचं असेल, तर एरवी पहिल्या अमेरिकी विमानतळावर तपासणी करून, सामान घेऊन ते पुन्हा सोपवावं लागतं. तिथेही किमान तीन तास.

उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

साताऱ्याचं उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. ९ जानेवारीला दुपारी ३ वाजता घर सोडलं. रस्ता, घाटातली आणि वाशीची गर्दी, चहापाणी, आणि विमानतळावरचे तीन-साडेतीन तास, मिळून दहा तास. विमान पावणेसोळा. उतरून तपासणी आणि सामान, दोन तास. एडिसनपर्यंत गाडी, सव्वा तास. एकूण २९ तास. दुपारी ३ मध्ये २९ मिळवले की भारतात १० तारखेचे रात्रीचे ८, न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ.

साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांकडे जाताना हाच आकडा न्या. 'लांबचा प्रवास आहे' एवढं सांगून भागत नाही. २९ तास, त्यात सलग पावणेसोळा विमानात, आणि पोचल्यावर तिथे सकाळ, असं सांगा. कुठली गोळी कधी हे ते मग नेमकं लिहून देतील. गोळ्या हातातल्या पिशवीत, आणि आईच्या मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्याच वेळेवर.

शेवटी एक चिठ्ठी दोन प्रतींत करा. एक आईच्या पर्समध्ये, एक घरी फ्रिजवर. तीत एवढंच: उड्डाण क्रमांक, दोन्ही विमानतळांची तीन अक्षरं, घरून निघायची तारीख-वेळ, विमान सुटायची वेळ, आणि पोचायची वेळ दोन ओळींत, वर भारताची आणि खाली तिकडची. खाली मुलीचा नंबर, देशाच्या क्रमांकासह, मोठ्या अक्षरांत.